विठ्ठलाखाली बार्शी : मराठी ओळींमधल्या जागेचा प्रश्न

वैराग, ता. बार्शी, जि. सोलापूर. लग्नपत्रिकेच्या तळाशी, पावतीपुस्तकाच्या माथ्यावर, तेराव्याच्या कार्डावर येणारा हा साधा पत्ता. त्यात तीन गावांची तीन नावे आहेत आणि तिन्हींची अंगकाठी वेगळी आहे. ‘वैराग’मधल्या ‘व’च्या डोक्यावर दोन मात्रा आहेत. ‘बार्शी’ त्याहून उंच, कारण शिरोरेषेवर वेलांटीची कमान आणि तिच्या टोकाला टेकलेला रफार. ‘सोलापूर’ला वर मात्रा आहे आणि खाली ‘पू’चा दीर्घ ऊकार. याच जिल्ह्यातला ‘विठ्ठल’ घ्या. जुन्या वळणाच्या जोडाक्षरात एका ‘ठ’च्या पोटाखाली दुसरा ‘ठ’ बसतो आणि शब्द पार खाली उतरतो. ‘सिद्धेश्वर’ वरही जातो आणि खालीही. आता मजकुराच्या एका ओळीत ‘विठ्ठल’ आला आणि नेमका त्याच्याखाली पुढच्या ओळीत ‘बार्शी’ आली, तर खालचा ‘ठ’ रफारावर आदळतो. वैरागसारख्या बाजाराच्या गावात डीटीपी करणारा माणूस अशा वेळी दोनपैकी एक करतो. ती एकच ओळ हाताने थोडी खाली ओढतो, नाहीतर तशीच सोडून देतो. पहिल्यात ओळींची लय बिघडते, दुसऱ्यात अक्षर बिघडते. मराठीच्या दोन ओळींत किती जागा असावी आणि ती कोणी ठरवावी, हा प्रश्न या एवढ्याशा टकरीत सगळा सामावला आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की हा आकडा आपण आजवर यंत्राकडून उसना घेत आलो. तो आपल्या लिपीतल्या सर्वांत अडचणीच्या जोडीवरून काढायला हवा, आणि पानाची बाकीची मांडणी त्या आकड्यावर उभी करायला हवी.

आधी ओळींमधली जागा कशासाठी असते ते नीट पाहिले पाहिजे, कारण या विषयावरचे बरेचसे वाद दोन वेगळ्या कामांची सरमिसळ केल्याने होतात. पहिले काम वाट दाखवण्याचे. ओळ संपली की डोळा पानाच्या उजव्या कडेवरून डावीकडे परततो आणि पुढची ओळ शोधतो. ओळ लांब असेल तर हा परतीचा प्रवास लांबतो आणि ओळ चुकण्याचा संभव वाढतो. म्हणून लांब ओळीला जास्त अंतर लागते, आखूड ओळीला कमी पुरते. दुसरे काम टक्कर टाळण्याचे. वरच्या ओळीचे जे काही खाली लोंबते आणि खालच्या ओळीचे जे काही वर येते, ते एकमेकांना लागू नये. रोमन लिपीत हे दुसरे काम किरकोळ आहे. तिथे काही अक्षरांना वर काठी असते, काहींना खाली शेपूट असते, पण एकावर एक चढवलेली चिन्हे इंग्रजीत नसतात. देवनागरीत मात्र अक्षर तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि आता ‘बँक’, ‘ऑर्डर’ यांच्यासारख्या शब्दांतली अर्धचंद्रे, तर खाली उकार, ऋकार, ‘ट्र’मधले र आणि उभी जोडाक्षरे. ‘क्रूर’ किंवा ‘भ्रूण’ लिहिताना खालच्या मजल्यावरही दोन भाडेकरू राहतात. म्हणजे रोमन पानावर ओळींमधली जागा बहुतांशी मोकळी असते आणि मराठी पानावर ती वस्तीची जागा असते. वाट दाखवण्यासाठी किती अंतर हवे हे ओळीची लांबी सांगते. टक्कर टाळण्यासाठी किती हवे हे लिपी आणि फाँट सांगतात. दोन्ही आकडे काढून जो मोठा येईल तो धरावा, हा सरळ हिशेब आहे. आपल्याकडे मात्र दुसरा आकडा कोणी काढतच नाही.

तो पूर्वी काढावा लागत नसे, याला कारण आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळाप्रेसचा मजकूर लेखनिक हाताने लिहितो. वरच्या ओळीतला ऊकार खालच्या रफाराला भिडतोय असे दिसले की लेखणी ऊकाराचे शेपूट आखूड करते किंवा रफार जरा उजवीकडे सरकवते. ओळी समान राहतात आणि टक्करही होत नाही, कारण निर्णय दर वेळी डोळ्याने होतो. पुढे खिळे आले आणि निर्णय डोळ्याकडून धातूकडे गेला. देवनागरी खिळ्यांच्या दोन पद्धती रूढ झाल्या. अखंड पद्धतीत मात्रेसह अक्षर एकाच खिळ्यावर ओतलेले असे. रूप सुबक, पण खिळ्यांची संख्या कित्येक शेकड्यांत. डिग्री पद्धतीत मूळ अक्षराचा खिळा वेगळा आणि वरच्या-खालच्या चिन्हांचे खिळे वेगळे, त्यामुळे जुळारी एका ओळीसाठी खरे तर तीन रांगा रचत असे. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांनी या दिशेने काम केले, आणि त्याच छापखान्यात लहानपणी उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभा करून देवनागरी अक्षराला जी ऐट आणली ती आजही जुनी पुस्तके उघडली की दिसते. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान होती. प्रत्येक चिन्हाला धातूचे अंग होते आणि दोन धातू एका जागी बसू शकत नाहीत. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसणे भौतिकदृष्ट्या अशक्य होते. शिवाय हवा तेवढा श्वास देण्यासाठी जुळारी दोन ओळींत शिशाची पट्टी घालत असे. इंग्रजी छपाईत त्या शिशावरूनच ‘लीडिंग’ हा शब्द पडला आणि संगणकावरही तोच टिकला. टक्कर टाळण्याचा आकडा खिळ्याच्या उंचीत आपोआप भरलेला होता. जुळाऱ्याने फक्त वाट दाखवण्याचा आकडा ठरवायचा होता.

लायनोटाइपने अख्खी ओळ एका शिशाच्या पट्टीत ओतायला सुरुवात केली तेव्हा या व्यवस्थेला पहिला तडा गेला. हरी गोविंद गोविल यांनी १९३० च्या दशकात देवनागरी लायनोटाइपवर आणण्याचे काम केले. या यंत्रात मावणाऱ्या साच्यांची संख्या मर्यादित होती, म्हणून चिन्हे कमी करणे, त्यांची उंची आवळणे आणि जोडाक्षरे आडवी करणे भाग पडले. तरीही पट्टीला अंग होते, भिंत होती. ती भिंत पडली ती फोटोटाइपसेटिंग आणि त्यानंतर डीटीपी आले तेव्हा. पडद्यावरच्या अक्षराला वजन नसते. एक ओळ दुसरीवर कितीही चढवता येते, यंत्र हूं की चूं करत नाही. महाराष्ट्रातल्या छोट्या गावांत पोचलेली डीटीपी म्हणजे बहुतेक ठिकाणी पेजमेकर आणि त्यावर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सीडॅकची आयएसएम. पेजमेकरमध्ये ‘ऑटो’ लीडिंग म्हणजे अक्षराच्या मापाच्या १२० टक्के. १० पॉइंटाला १२, १५ पॉइंटाला १८. इनडिझाइनने हाच आकडा पुढे चालवला. हा आकडा वाईट नाही, तो परका आहे. रोमन लिपीत, मध्यम लांबीच्या ओळीला, वाट दाखवण्याचे काम तो चोख करतो. टक्कर टाळण्याच्या कामाचा विचार त्यात नाही, कारण ज्यांच्यासाठी तो ठरला त्यांना ती अडचण नव्हती. खिळ्याची भिंत गेली आणि तिच्या जागी काही आले नाही. आले ते दुसऱ्या लिपीचे माप.

यावर पहिला आक्षेप असा येतो की चांगली अक्षरजुळणी प्रणाली हे स्वतः सांभाळते; पेजमेकर जुना झाला. सर्वांत विचारपूर्वक बांधलेल्या प्रणालीकडेच पाहू. १९७७ मध्ये ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून डोनाल्ड नुथ नाराज झाले आणि त्यांनी ‘टेक’ ही प्रणाली लिहायला घेतली. १९९१ मध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या फ्रान्स वेल्थाउस यांनी तिच्यासाठी देवनागरी अक्षरे केली. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’ने युनिकोड आणि संगणकातले नेहमीचे फाँट थेट वापरायची सोय केली. आज मराठी प्रबंध आणि पुस्तके या कुळातल्या ‘लाटेक’वर उत्तम जुळवता येतात. पण तिच्या नेहमीच्या मांडणीत १० पॉइंटाच्या अक्षराला दोन ओळींतले अंतर १२ पॉइंट आहे आणि १२ पॉइंटाच्या अक्षराला १४.५. पुन्हा तेच एक पूर्णांक दोन दशांशाच्या आसपासचे प्रमाण. टेकने एक शहाणपण जास्त दाखवले आहे. ठरलेले अंतर ठेवल्याने वरच्या ओळीचा तळ आणि खालच्या ओळीचा माथा एकमेकांत घुसणार असतील, तर ती ठरलेले अंतर सोडून देते आणि दोघांमध्ये एक पॉइंटाची फट ठेवते. टक्कर टळते. परंतु ही प्रणाली ओळीकडे एक चौकट म्हणून पाहते. ओळीत सर्वांत खोल काय आणि पुढच्या ओळीत सर्वांत उंच काय एवढेच तिला कळते; ‘विठ्ठल’ ओळीच्या डाव्या टोकाला आहे आणि ‘बार्शी’ उजव्या, दोघांची गाठ पडण्याचा संभवच नाही, हे तिला कळत नाही. ती तरीही ओळ खाली ढकलते. परिणाम असा की बहुतेक ओळी १४.५ पॉइंटावर चालतात आणि अधूनमधून एखादी ओळ एक-दोन पॉइंट दचकून खाली उतरते. उजेडात पान धरले की एका बाजूच्या ओळी मागच्या बाजूच्या ओळींवर बसत नाहीत. यंत्राने इथे चूक केलेली नाही. त्याला दिलेला आकडा लिपीला अपुरा होता, म्हणून त्याला पानोपानी डागडुजी करावी लागली. आकडाच पुरेसा दिला असता तर ही तरतूद कधी जागी झालीच नसती.

दुसऱ्या टोकाची चूक वर्डमध्ये दिसते. तिथे ‘सिंगल’ अंतर म्हणजे अक्षराच्या मापाची पट नसते. फाँट करणाऱ्याने त्या फाँटमध्ये ओळीची जी उंची लिहून ठेवलेली असते, ती सिंगल. रा. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ विंडोजबरोबर घरोघरी आणि कचेरीकचेरीत गेला. पडद्यावर कोणतेही चिन्ह कापले जाऊ नये म्हणून त्याची ओळ ऐसपैस ठेवलेली आहे, त्यामुळे सिंगल अंतरावरही त्याचे पान विरळ दिसते. त्याच विंडोजमधला ‘कोकिळा’ त्याच मापाला लहान आणि आवळलेला दिसतो. म्हणजे ‘१२ पॉइंट, सिंगल’ या सूचनेने दोन फाँटांत दोन वेगळी पाने तयार होतात. आणि हा गोंधळ आपण नियमांत लिहून ठेवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये काढलेल्या परिपत्रकात दाखल करायच्या कागदांसाठी ए४ कागद, टाइम्स न्यू रोमन, १४ पॉइंट आणि दीड ओळीचे अंतर असे ठरवून दिले. तिथे फाँटचे नाव दिलेले असल्याने दीडपट कशाची याला उत्तर आहे. पण प्रबंधांच्या, अहवालांच्या, अर्जांच्या मराठी सूचनांत ‘दीड अंतर’ एवढेच उतरते तेव्हा दीडपट कशाची, हा प्रश्न अधांतरी राहतो. मंगलचे दीड आणि कोकिळाचे दीड यांत इतका फरक पडतो की सारखाच मजकूर वेगवेगळ्या पृष्ठसंख्येचा होतो. कंटाळून कोणी ‘एक्झॅक्टली’ निवडून लहान आकडा घातला की पडद्यावर रफारांची आणि वेलांट्यांची डोकी छाटलेली दिसतात. शिवाय मराठी मजकुरात पूर्ण इंग्रजी ओळ आली की ती वेगळ्या फाँटची, म्हणून वेगळ्या उंचीची होते आणि परिच्छेदाच्या मधोमध खळगा पडतो. यावर उपाय एकच. अंतर पटीत न सांगता पॉइंटांत सांगावे: अक्षर अमुक, ओळ तमुक. पट ही सापेक्ष गोष्ट आहे, आणि कशाला सापेक्ष हे न सांगता दिलेला नियम पाळणे कोणालाच शक्य नसते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. मराठी वाचकाला दाट पान वाचण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, मग एवढी चर्चा कशाला? पुरावा सोलापुरातच आहे. शंभराहून अधिक वर्षे सोलापुरातून निघणारे दाते पंचांग घराघरांत खुंटीला टांगलेले असते, आणि पंचांगाच्या पानाइतके दाट मराठी पान दुसरे नाही. तरी ते वाचता येते, कोणाची तक्रार नाही. हे खरे आहे, पण का वाचता येते ते पाहिले पाहिजे. वाराचा स्तंभ घ्या: र, सो, मं, बु, गु, शु, श. ओळीने तीन वारांना खाली उकार आहे. बुधाचा उकार गुरूच्या डोक्याकडे येतो, गुरूचा शुक्राच्या, शुक्राचा शनीच्या. पण गु, शु आणि श या तिघांच्याही शिरोरेषेवर काहीच नाही. वर चिन्ह असलेले वार दोनच, सो आणि मं. सोमवारच्या वर येतो रविवार आणि मंगळवारच्या वर सोमवार, आणि दोघांनाही खाली काही लोंबत नाही. आठवड्याच्या त्या उभ्या रांगेत टक्कर होण्याजोगी जोडी एकही नाही. पंचांग दाट चालते याचे कारण त्याचा शब्दसंग्रह ठरलेला आहे, अक्षरे एकदोनच आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. शिवाय पंचांग कोणी सलग वाचत नाही. बोट ठेवून एक तारीख शोधतो, आणि रकान्यांच्या रेघा वाट दाखवण्याचे काम करतात. म्हणजे तिथे दोन्ही कामे दुसऱ्याच कोणी पार पाडलेली आहेत. कादंबरीच्या पानावर कुठला शब्द कुठल्या शब्दाखाली येईल हे लेखकालाही ठाऊक नसते. पंचांगाचा दाखला दाटपणाच्या बाजूने साक्ष देत नाही. अंतर मजकुराच्या जातीवरून ठरते, याची साक्ष देतो.

वर्तमानपत्राचेही तसेच. त्याचा स्तंभ अरुंद, ओळ आखूड, डोळ्याचा परतीचा प्रवास छोटा. म्हणून वाट दाखवण्याचा आकडा तिथे लहान असतो आणि पान दाट चालते. याला जोडून शिरोरेषेचा मुद्दा मांडला जातो, आणि तो विचार करण्यासारखा आहे. शिरोरेषा शब्दाला वरून बांधते. पानभर आडव्या रेघांची वीण तयार होते, जणू आखीव वहीच. अशा पानावर डोळा ओळ चुकत नाही, मग रोमनपेक्षा कमी अंतर पुरायला हवे, असा हा युक्तिवाद. त्याचा पहिला अर्धा भाग मान्य करायला हरकत नाही. शिरोरेषेमुळे वाट दाखवण्याचे काम खरोखर हलके होते. पण टक्कर टाळण्याचे काम ती मुळीच करत नाही. उलट वरच्या उकाराचे शेपूट शिरोरेषेला चिकटले की ते खालच्या अक्षराचाच भाग वाटते. खालच्या ओळीतल्या ‘पर’ शब्दाच्या माथ्यावर वरच्या ओळीचे टोक उतरले तर डोळा क्षणभर ‘पैर’ किंवा ‘पेर’ वाचतो. रोमनमध्ये दोन अक्षरे चिकटली तर पान गचाळ दिसते एवढेच. देवनागरीत चिन्ह चिकटले तर शब्द बदलतो, कारण आपल्याकडे अनुस्वाराचा ठिपका आणि मात्रेची रेघ याच स्वराच्या खुणा आहेत. जाड्या मथळ्यात हा धोका सर्वांत मोठा, कारण तिथे दोन ओळी जवळजवळ ठेवायचा मोह असतो. मथळ्याला मात्र एक सवलत आहे. तो दोनतीन ओळींचाच असतो, म्हणून ओळ कुठे तोडायची हे पाहून टक्कर टाळता येते. एक शब्द वरून खाली आणला की ‘विठ्ठल’ ‘बार्शी’वरून हलतो. सलग मजकुरात हे शक्य नाही.

प्रकाशकाचा आक्षेप कागदाचा असतो, आणि तो हिशेबानेच तपासला पाहिजे. डेमी आकाराचे पुस्तक धरू, मजकुराचा चौकोन ७ इंच उंच. ७ इंच म्हणजे ५०४ पॉइंट. १२ पॉइंटाचे अक्षर १६ पॉइंटाच्या ओळीवर बसवले तर पृष्ठावर ३१ ओळी मावतात आणि अर्धी ओळ वाया जाते. तेच अक्षर १८ पॉइंटाच्या ओळीवर नेले तर बरोबर २८ ओळी. २०० पृष्ठांचे पुस्तक म्हणजे ६,२०० ओळी. त्या २८च्या हिशेबाने २२२ पृष्ठे मागतात. २२ पृष्ठे जास्त, म्हणजे १६ पानी एका फॉर्मपेक्षाही अधिक कागद, छपाई आणि बांधणी. छोट्या प्रकाशकाला हे परवडत नाही, आणि त्याला सौंदर्याचे प्रवचन देऊन उपयोग नाही. पण हिशेब इथे थांबत नाही. ५०४ला ३०ने भागा: ओळ १६.८ पॉइंटाची. आता अक्षर १२ऐवजी साडेअकरा पॉइंटाचे घ्या. अक्षर लहान झाल्याने प्रत्येक ओळीत चार टक्क्यांहून थोडा जास्त मजकूर मावतो. ३० ओळींत जुन्या मापाच्या ३१ ओळींइतका मजकूर बसतो. पुस्तक २०० पृष्ठांचेच राहिले, पण अक्षराच्या मापाशी ओळीचे प्रमाण १.३३ वरून १.४६ वर गेले. खर्च झाला अर्ध्या पॉइंटाचा, जो वाचकाच्या लक्षातही येणार नाही. यावर कोणी म्हणेल की म्हाताऱ्या माणसांना मोठे अक्षर लागते. लागते खरे. पण मोठे अक्षर खच्चून भरले आणि मात्रा एकमेकींत अडकल्या तर मोठेपणाचा लाभ टक्करीत जातो. त्यातून १२ पॉइंट हे माप सगळ्या फाँटांत सारखे दिसत नाही. कोणी मूळ अक्षर मोठे आणि मात्रा बसक्या काढतो, कोणी उलट. म्हणून आधी फाँट निवडावा, मग माप ठरवावे.

आणखी एक मार्ग सुचवला जातो, तो लिपीच सपाट करण्याचा. उभी जोडाक्षरे आडवी केली, ‘ठ्ठ’ला हलन्त देऊन शेजारी मांडला, ‘द्ध’ फोडला की खोली कमी होईल आणि ओळी आपोआप जवळ येतील. लायनोटाइपच्या काळापासून ही ओढ आहे. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही जोडाक्षरे आडव्या मांडणीने लिहिण्याकडे कल होता. ‘द्य’मध्ये मुलाला ‘द’ आणि ‘य’ वेगळे दिसावेत हा शिक्षणाचा युक्तिवाद वेगळा आहे आणि त्याच्या जागी तो ठीक आहे. परंतु ओळींच्या अंतरासाठी लिपी सपाट करणे म्हणजे उभी वाचवलेली जागा आडवी खर्च करणे. ‘विठ्ठल’ आडवा झाला की एका अक्षराने रुंद होतो. हजार जोडाक्षरांमागे काही ओळी वाढतात. आणि मूळ अडचण संपतही नाही. उकार, ऋकार, रफार, वेलांटी यांना कोणी आडवे करू शकत नाही. ‘पू’ खालीच राहणार आणि ‘र्शी’ वरच. लिपीचे तीन मजले सुधारणेने पाडता येत नाहीत, फार तर तळमजल्याची एक खोली कमी होते. तेव्हा अक्षराला ओळीच्या मापात कोंबण्यापेक्षा ओळीला अक्षराच्या मापाची करणे कमी खर्चाचे आहे.

हे करायचे कसे, ते अवघड नाही. निवडलेल्या फाँटात, ठरवलेल्या मापात, कसोटीची एक जोडी मांडावी: वर ‘विठ्ठल’, ‘क्रूर’, ‘सिद्धी’, खाली ‘बार्शी’, ‘सर्वांनी’, ‘बँक’. नेमके एकाखाली एक येतील असे शब्द सरकवावेत आणि ओळींमधले अंतर अर्ध्याअर्ध्या पॉइंटाने कमी करत जावे. जिथे दोन चिन्हे प्रथम टेकतात तो त्या फाँटचा तळाचा आकडा. त्यावर एखाद-दुसरा पॉइंट चढवला की टक्कर टाळण्याचा आकडा मिळाला. मग ओळीची लांबी पाहून वाट दाखवण्याचा आकडा ठरवावा आणि दोघांत मोठा तो घ्यावा. माझ्या मते पुस्तकाच्या सलग मजकुराला अक्षराच्या मापाची सुमारे दीडपट ओळ हे मराठीचे स्वाभाविक माप ठरते. अरुंद स्तंभाला आणि बसक्या मात्रांच्या फाँटला त्याहून कमी चालते. एकदा हा आकडा हाती आला की पान त्याच्या पटीत बांधावे. मजकुराच्या चौकोनाची उंची ओळींच्या पूर्ण संख्येइतकी असावी, साडेएकतीस ओळींचा चौकोन नसावा. मथळ्याच्या वर-खाली सोडलेली जागा मिळून पूर्ण ओळींची व्हावी, म्हणजे मथळ्यानंतर मजकूर पुन्हा त्याच रुळांवर येतो. इनडिझाइनमध्ये यासाठी बेसलाइन ग्रिड असते, वर्डमध्ये पॉइंटांत दिलेले ‘एक्झॅक्टली’, टेकमध्ये ओळीच्या अंतराची आज्ञा. समासही याच हिशेबातून येतो. मराठीत शब्द तोडून ओळ जुळवण्याची पद्धत फारशी नाही, म्हणून दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमध्ये भगदाडे पडतात. शब्दांमधली फट ओळींमधल्या फटीपेक्षा मोठी झाली की डोळा आडवा न जाता खाली घसरतो. ओळ थोडी लांब ठेवली तर भगदाडे कमी होतात, पण वाट लांबते. म्हणून समास आणि ओळींचे अंतर एकत्रच ठरवावे लागते. जिथे हे जमत नाही तिथे उजवी कडा मोकळी सोडणे हा प्रामाणिक उपाय आहे.

यातला काही भार फाँट करणाऱ्यांचाही आहे आणि तो उचलला जातो आहे. बापूराव नाईकांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ केला. भाषा संचालनालयाने तो १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि देवनागरी अक्षराचा विचार रोमनच्या चौकटीबाहेर करण्याची सामग्री तेव्हापासून आपल्याकडे आहे. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’, त्यावर आधारून आयआयटी मुंबईत सिद्ध झालेला ‘शोभिका’, एक टाइपचा ‘मुक्त’ असे युनिकोड फाँट आज पैसे न देता मिळतात, आणि प्रत्येकाच्या मात्रांची उंची हा रेखाटनकाराने जाणून घेतलेला निर्णय आहे. तरी फाँट कितीही शहाणा असला तरी शेवटचा निर्णय पान मांडणाऱ्याचा राहतो. फाँटला ओळीची लांबी माहीत नसते, मजकुराची जात माहीत नसते आणि वाचकाचे वयही माहीत नसते.

म्हणून या साऱ्याचा निष्कर्ष एखाद्या जादूच्या आकड्यात नाही. शिळाप्रेसचा लेखनिक टक्कर डोळ्याने टाळत होता, जुळाऱ्यासाठी ती खिळ्याच्या अंगाने टाळली जात होती. डीटीपीने ते काम एका चौकोनात लिहिलेल्या आकड्याकडे दिले आणि त्या चौकोनात आधीपासून ‘ऑटो’ असे लिहिलेले होते. तो शब्द खोडून तिथे आपला आकडा लिहिणे, इतकीच ही सुधारणा आहे. तिला नवे यंत्र लागत नाही, जास्त कागदही लागत नाही. लागतात कसोटीचे सहा शब्द आणि दहा मिनिटे. वैरागच्या पत्रिकेवर तो आकडा एकदा नीट बसवला की साचा पुढच्या प्रत्येक पत्रिकेला चालतो. विठ्ठल वरच्या ओळीत येवो की खालच्या, ओळ हाताने ओढण्याची वेळ येत नाही आणि बार्शीचा रफार जागच्या जागी राहतो.